तीन चेनसॉ आणि दोन लीटरचा कॅन

वर्कशॉपचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात मुकादमाने तीन चेनसॉ दारात आणून ठेवले. झाडतोडीच्या कामावर आदल्या दिवशी तिन्ही बंद पडले होते. पहिला चालता चालता जाम झाला. दुसऱ्याची ताकद गेली म्हणून कामगाराने तो स्वतःच थांबवला. तिसरा भरपूर धूर सोडून बंद पडला आणि नंतर दोरी ओढून हात दुखले तरी सुरू होईना.

मुकादमाच्या मागे विशीतला एक पोरगा रिकामा लाल कॅन घेऊन उभा होता. पेट्रोलमध्ये तेल कालवायचं काम त्याच्याकडे होतं.

"याने तेल घातलंच नाही," मुकादम म्हणाला.

"घातलं हो काका," पोरगा त्याच्याकडे न बघता मला सांगत होता. "दोन लीटरला चाळीस मिली. मापाने मोजून."

हिशोब बरोबर होता. १:५० म्हणजे लीटरला २० मिली. मुकादमाचे तिन्ही चेनसॉ त्याच प्रमाणाचे. पण पोराचं म्हणणं खरं मानायचं, तर पहिल्या चेनसॉला काय झालं ते समजत नव्हतं, आणि मुकादमाचं खरं मानायचं तर तिसऱ्याचं काहीच जुळत नव्हतं. पेट्रोलमध्ये तेल नसताना एवढा धूर येईल कुठून?

हे काम करताना मी एक नियम पाळतो: कुणाची चूक ते यंत्र उघडल्याशिवाय बोलायचं नाही. आधी तिन्ही टाक्यांत उरलेलं पेट्रोल वेगवेगळ्या काचेच्या बरण्यांत काढलं, झाकणं लावली, नावं घातली आणि बरण्या खिडकीत ठेवल्या. मग पहिला चेनसॉ टेबलावर घेतला.

सायलेन्सर काढला की एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टनची एक बाजू दिसते. निदानाची सुरुवात मी नेहमी तिथूनच करतो. पिस्टनवर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे होते. पण एका बाजूच्या ओरखड्यांवरून निकाल देता येत नाही. क्रँकचं सील किंवा कार्बोरेटरचा रबरी बूट फाटला, तर इंजिन जास्तीची हवा ओढतं, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापून असाच ओरबाडला जातो. म्हणून इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून हातपंपाने अर्धा बार दाब भरला. काटा जागचा हलला नाही, म्हणजे गळती नव्हती.

मग सिलिंडर उतरवला. पिस्टन चारही बाजूंनी ओरबाडलेला होता, रिंग खाचेतच दाबली गेली होती. क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीत, बोट फिरवलं तर ते कोरडंच बाहेर आलं. हवा ओढून मेलेल्या इंजिनात आतल्या भिंतींवर तेलाचा ओलावा बहुतेक वेळा सापडतो. इथे तो नव्हता.

चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणाच्या तेलाची वेगळी टाकी नसते, पंपही नसतो; साखळीच्या तेलाची टाकी असते ती वेगळी. पेट्रोल क्रँककेसमधून जाताना जे तेल सोबत आणतं, त्यावरच क्रँकची बेअरिंग, पिस्टनपिनची सुई-बेअरिंग, पिस्टन आणि रिंग जगतात. चेनसॉ पूर्ण वेगात मिनिटाला १२-१३ हजार फेरे मारतो, म्हणजे पिस्टन सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा खालीवर होतो. अशा इंजिनात नुसतं पेट्रोल गेलं तर एक टाकीसुद्धा पुरी संपत नाही.

"बघा," मुकादम म्हणाला. पोराने मान खाली घातली.

दुसऱ्यात नुकसान कमी होतं. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला, रिंग मोकळी. वेळेवर थांबवल्यामुळे तो वाचला होता आणि त्या कामगाराचं मला खरंच कौतुक वाटलं. आवाज पातळ, चिरका झाला आणि ताकद उतरली की हात काढून घेणारे थोडेच असतात.

तिसऱ्याचा प्लग काढला तर तो काळा आणि तेलाने थबथबलेला. टाकीतला फिल्टर वर ओढला, तर त्यावर काकवीसारखा चिकट हिरवा थर.

मी खिडकीतल्या बरण्यांकडे वळलो. मुकादमाच्या तेलाला हिरवा रंग होता. त्याच्या १:५० मिश्रणाला फिकट हिरवट छटा यायला हवी होती. पहिल्या चेनसॉची बरणी जवळजवळ रंगहीन होती, दुसरीला रंगाचा नुसता भास, आणि तिसरी गर्द हिरवी. पेट्रोल एकाच कॅनमधलं, एकाच सकाळचं.

आधी पाण्याची शंका आली. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल धरतं, आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. तेल त्या थरात उतरत नाही, वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतला फिल्टर तर तळाशीच असतो. पण बरण्या उजेडात धरून पाहिल्या, एकीतही दोन थर दिसले नाहीत. शिवाय पेट्रोल त्याच सकाळी आणलेलं होतं.

मग जाड कागद घेऊन प्रत्येक बरणीतला एकेक थेंब त्यावर टाकला. पेट्रोल उडून जातं, तेल कागदात राहतं. थोड्या वेळाने पहिल्या थेंबाच्या जागी काही दिसेना. तिसऱ्याच्या जागी मोठा तेलकट डाग पडला होता, त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

पोराला जवळ बोलावलं. "कसं कालवलंस ते पहिल्यापासून सांग. एकही गोष्ट सोडू नकोस."

त्याने सांगितलं. कडाक्याची थंडी होती. तेलाची बाटली रात्रभर उघड्यावर राहिली होती. दोन लीटरची खूण कॅनच्या गळ्याशी, म्हणून आधी खुणेपर्यंत पेट्रोल भरलं, वरून तेल ओतलं, झाकण लावलं आणि लगेच पहिली टाकी भरली. पहिल्या दोन चेनसॉंत सहाशे सहाशे मिली. तिसऱ्याची टाकी मोठी, त्यात कॅन उलटा करून निथळेपर्यंत ओतलं. आदल्या रात्री टाक्या रिकाम्या करून ठेवायची त्यांची शिस्त होती. चांगली शिस्त, पण त्यामुळे टाकीत आधीचं तेलाचं पेट्रोलही नव्हतं.

"हलवलं होतंस?"

"भरलेला होता काका. हलवायला जागाच नव्हती."

मी एका रिकाम्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत पेट्रोल घेतलं. त्यांची तेलाची बाटली अजून गार होती. तिच्यातलं थोडं तेल हळूच वरून सोडलं. हिरवी धार दोऱ्यासारखी सरळ खाली गेली, तळाशी वेटोळं करून बसली आणि तिथेच राहिली. वरचं पेट्रोल जसंच्या तसं स्वच्छ. तेल पेट्रोलपेक्षा जड असतं, आणि थंडीने घट्ट झालेलं साधं तेल आपणहून मिसळायला वेळ घेतं. काही तेलांत पटकन मिसळावं म्हणून विद्रावक घातलेला असतो. त्यांच्या तेलात तो दिसत नव्हता. मुकादम बराच वेळ त्या बाटलीकडे बघत राहिला.

चाळीसच्या चाळीस मिली कॅनमध्ये होतं. पहिल्या चेनसॉला त्यातलं जवळजवळ काहीच मिळालं नाही, आणि तिसऱ्याच्या वाट्याला जवळजवळ सगळं आलं.

"मग तेलच बदलतो, महागातलं घेतो," म्हणत मुकादमाने पिशवीतून दुसरी बाटली काढली. तिच्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलं होतं. ते बोटींच्या आउटबोर्ड इंजिनांचं तेल. ती इंजिनं पाण्याने थंड होतात. चेनसॉ हवेवर थंड होतो, त्याचा पिस्टन कितीतरी जास्त तापतो. किंमत काहीही असो, ते यात घालू नये. त्यांचं आधीचं तेल जासो या जपानी मानकातल्या एफसी दर्जाचं, एअर-कूल्ड इंजिनांसाठीचंच होतं. त्याच मानकातलं एफडी मिळालं तर मी तेच घ्यायला सांगतो. धुराची आणि वंगणाची अट दोन्हींची सारखी आहे, पण एफडीची कार्बन साफ ठेवण्याची अट कडक आहे. रिंगच्या खाचा त्याने जास्त दिवस मोकळ्या राहतात.

"नाहीतर १:२५ करू? दुप्पट तेल म्हणजे भीती नाही."

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. जुन्या चेनसॉंना १:२५ लिहिलेलं असायचं आणि आजही काही उत्पादक साध्या तेलासाठी तेच सांगतात. तिथे ते बरोबरच आहे. पण १:५० वर लावलेल्या इंजिनात नुसतं तेल दुप्पट केलं, तर कार्बोरेटरच्या त्याच भोकातून पेट्रोल थोडं कमी जातं आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण किंचित पातळ होतं. कार्बन आणि धूर वाढतो तो वेगळाच. तेल वाढवायचंच असेल, तर कार्बोरेटरचा एच स्क्रू, म्हणजे पूर्ण वेगाला किती पेट्रोल जाईल ते ठरवणारा स्क्रू, नव्याने लावून घ्यावा. माझ्याकडे वेगवेगळ्या प्रमाणांचे चेनसॉ असलेला माणूस आला, तर मी जास्त तेलाचं एकच मिश्रण ठेवायला सांगतो आणि बाकीच्यांचे कार्बोरेटर त्यावर लावून देतो. मुकादमाला याची गरज नव्हती.

पहिल्याला पिस्टन, सिलिंडर आणि बेअरिंग सगळंच नवं लागणार होतं. दुसऱ्याच्या सिलिंडरचं प्लेटिंग शाबूत होतं, त्यावर फक्त पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलं होतं. काडीला कापूस गुंडाळून हायड्रोक्लोरिक आम्ल फक्त त्या डागांवर लावलं. भोकांच्या कडांना लागलं तर ते तिथलं ॲल्युमिनियमही खातं, म्हणून हे काम घाईत करत नाही. फेस थांबला, धुऊन काढलं, नवा पिस्टन आणि रिंग बसवली.

तिसऱ्याची टाकी आणि कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला. मिश्रण करायला पोरालाच सांगितलं आणि माझा पाच लीटरचा कॅन दिला. त्याने एक लीटर पेट्रोल ओतलं, चाळीस मिली तेल मोजलं, झाकण घट्ट लावून कॅन दोन्ही हातांनी जोरात हलवला. उरलेलं एक लीटर घालून पुन्हा हलवला. थोडं बरणीत काढून उजेडात धरलं. सगळीकडे एकसारखा फिकट हिरवा रंग होता.

चौथ्या ओढीला चेनसॉ सुरू झाला. आत साचलेलं तेल जळेपर्यंत निळा धूर आला, मग विरळ होत थांबला.

मुकादम पोराला म्हणाला, "तू तेल घातलं होतंस. मी चुकीचं बोललो." पोरगा काही बोलला नाही. दुसरा चेनसॉ भरायचा होता. त्याने कॅन उचलला, आणि टोपण उघडण्याआधी तो पुन्हा हलवला.