आमची वाटचाल: तासाला तीन मैल

आमच्या दोन नॅरोबोटी, म्हणजे अरुंद कालव्यांसाठीच्या लांबट, राहायची सोय असलेल्या बोटी, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला, वूस्टर अँड बर्मिंगहॅम कालव्यावर बांधलेल्या असतात. हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. गिऱ्हाईक म्हणजे लंडन, लेस्टर, मँचेस्टरकडची मराठी कुटुंबं आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे पुण्या-नागपूरहून आलेले आई-बाबा. बोट त्यांनीच चालवायची. इथल्या कालव्यांवर भाड्याची बोट हाकायला परवाना लागत नाही. ताबा देण्याआधी दीड-दोन तास शिकवणं हे आमचं काम. बोट किती लांबीची घ्यायची, संडास कोणता बसवायचा, कुणाला कुठे पाठवायचं, हे सगळे निर्णय आम्हाला एकतर लॉकमुळे, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या, दोन्हीकडे दारं असलेल्या हौदामुळे, घ्यावे लागले नाहीतर टाकीमुळे. त्यातले काही चुकले, ते बदलले.

पहिला बदल लांबीचा. हा कालवा 1815 साली पूर्ण झाला. सुमारे 30 मैलांत 58 लॉक, त्यातले वूस्टरच्या टोकाचे दोन सोडले तर सगळे अरुंद, म्हणजे जेमतेम सात फुटांचे. म्हणून बोटीची रुंदी 6 फूट 10 इंच. ती वाढवता येत नाही, मग माणसं वाढली की लांबी वाढवायची, असा आमचा सुरुवातीचा विचार होता. 70 फुटी, दहा जणांची बोट घेतली. लॉकमध्ये ती बसते, पण कालव्यावर बोट वळवायला ठरावीक रुंद जागा असतात आणि त्यातल्या बऱ्याच जागी 70 फूट वळत नाही. नवख्याला वळण चुकलं की पुढच्या जागेपर्यंत जाऊन परत यायचं, म्हणजे अर्धा दिवस गेला. शिवाय उत्तरेकडच्या काही कालव्यांचे लॉकच आखूड आहेत. आता दोन्ही बोटी 57 फुटी आहेत, प्रत्येकी सहा माणसं. आठ जणांसाठी विचारणा आली तर नाही म्हणतो.

दुसरा बदल हिशोबाचा. रस्त्यावरचे मैल इथे कामाचे नाहीत. मैल आणि लॉक यांची बेरीज करायची आणि तिला तीनने भागायचं, तेवढे तास. आठ मैल आणि दहा लॉक म्हणजे सहा तास. सलग लॉक असले तर हात बसतो आणि वेळ कमी लागतो. याच कालव्यावरची टार्डबिगची 30 लॉकची रांग, जी इंग्लंडमधली सर्वांत लांब, सराईत चमू चार-पाच तासांत काढतो. वेगाची मर्यादा ताशी चार मैल आहे, पण तीनच धरावेत. बांधलेल्या बोटींजवळून त्याहूनही हळू, नाहीतर त्यांचे खुंटे उपटतात. उथळ पाण्यात थ्रॉटल वाढवला की पंखा बोटीखालचं पाणी मागे ओढतो, पिछाडी खाली बसते आणि बोट आणखीच रेंगाळते. अशा वेळी थ्रॉटल कमी केला की बोट पळते. हे तोंडी सांगून कुणाला पटत नाही, करून दाखवावं लागतं.

पहिल्यांदा येणाऱ्यांना आम्ही टार्डबिग उतरू देत नाही. उत्तरेकडे पाठवतो. टार्डबिगच्या वरून बर्मिंगहॅमपर्यंत सुमारे 14 मैल एकही लॉक नाही. वाटेत वास्ट हिल्सचा 2,726 यार्डांचा बोगदा लागतो. दोन नॅरोबोटी त्यात समोरासमोर निघतात. छतावर कुणी बसायचं नाही, गॅस बंद, दिवा किंचित उजवीकडे, आणि सुकाणूवाल्याने रेनकोट घालायचा, कारण वरून पाणी गळतं. मुक्काम शहराच्या मध्यावर, गॅस स्ट्रीट बेसिनला. तिथे एकेकाळी दोन कालवे कंपन्यांच्या मध्ये सात फुटांचा बांध होता. आपलं पाणी दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून माल हाताने उचलून पलीकडच्या बोटीत टाकत असत. भांडण पाण्याचं होतं आणि ते आजही समजण्यासारखं आहे: अरुंद लॉक एकदा भरून रिकामं केलं की लाखाहून जास्त लिटर पाणी वरून खाली जातं. म्हणून समोरून बोट येत असेल आणि लॉकमधलं पाणी आधीच तिच्या पातळीला असेल तर आपण थांबायचं. कोरड्या उन्हाळ्यात काही रांगांना कुलूपही लागतं.

आता खुद्द लॉक. आपल्याकडे खाडीत भरती-ओहोटी बघून होडी काढतात. इथे ती भरती आपणच हाताने आणायची. वर चढताना: लॉक रिकामं, खालची दारं उघडी, बोट आत. दारं लावायची, खालची पॅडल, म्हणजे दारातल्या झडपा, पूर्ण खाली आहेत याची खात्री करायची. मग विंडलास, म्हणजे पॅडल फिरवायचं हँडल, लावून वरचं पॅडल आधी अर्धंच उघडायचं. एकदम उघडलं तर पाण्याच्या लोटाने बोट पुढे-मागे फेकली जाते आणि चुलीवरचं भांडं खाली येतं. बोटीचं नाक पुढच्या दारात अडकलं तर पाणी चढेल तसं ते दाराखाली दाबलं जातं, म्हणून एकाने फक्त नाकाकडेच पाहायचं. दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत दार हलत नाही, हाताच्या बोटाएवढा फरक राहिला तरी नाही. जोर लावू नये, थांबावं. मग दाराच्या तुळईला पाठ लावून, पायाने रेटा देऊन ढकलायचं. हाताने ढकलणाऱ्याची दुसऱ्या दिवशी कंबर धरते.

उतरताना धोका वेगळा आणि जास्त गंभीर. वरच्या दाराखाली काँक्रीटचा नाहीतर दगडाचा उंबरा असतो. लॉक भरलेलं असताना तो दिसत नाही, काठावर पांढरी रेघ असते तेवढीच. पिछाडी त्या रेघेच्या मागे राहिली आणि पाणी उतरलं, तर सुकाणू उंबऱ्यावर टेकतं आणि नाक खाली जातं. दोन-तीन मिनिटांत बोट बुडू शकते. अशा वेळी ओरडण्यापेक्षा आधी खालची पॅडल पाडायची आणि मग वरचं हळू उघडून पाणी परत भरायचं. हा क्रम आम्ही ताबा देताना तीनदा म्हणवून घेतो. लॉकमध्ये दोर कुठेही गाठ मारून बांधायचा नाही. पाणी उतरतं आणि बोट दोराला लटकते. विंडलास पॅडलच्या दांड्यावर सोडून कधीही जायचं नाही, खुंटी सुटली की तो पंख्यासारखा फिरतो.

स्वयंपाकघरात आणि संडासात मात्र आम्हाला इथल्या पुस्तिका पुरल्या नाहीत. सुरुवातीला कॅसेटचा, म्हणजे काढून नेऊन रिकामी करायच्या टाकीचा, संडास होता, 20 लिटरचा. इथल्या माणसाला तो दोन दिवस पुरतो. आपल्याकडे तांब्या वापरतात. सहा माणसांत तो संध्याकाळपर्यंत भरायचा आणि रिकामा करायची जागा पाच लॉक पलीकडे. आता पंपाने उपसायची 400 लिटरची टाकी बसवली आहे, आठवडा निघतो. पिण्या-वापरायच्या पाण्याची टाकी 500 लिटरची. दर दीड-दोन दिवसांनी नळ दिसला की भरायची, तासभर धरा.

सिंकचं पाणी थेट कालव्यात जातं. त्यामुळे कढईतलं तेल कागदाने टिपून कचऱ्यात, उरलेली आमटी डब्यात. तळण बंद. बांधलेल्या बोटीतही नको; शेजारून दुसरी बोट गेली की आपली हलते आणि तेल सांडतं. कुकर, तवा, पोळ्या, सगळं चालतं. गॅसची टाकी नाकाच्या कप्प्यात, तळाशी बाहेर जाणारं भोक असलेल्या, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर बोटीच्या तळात साठतो. थंडी वाजली म्हणून हवेच्या झरोक्यात टॉवेल कोंबायचे नाहीत. हे आम्ही लिहून चिकटवलं आहे, तरी दर हंगामात एखादा टॉवेल निघतोच.

विजेचं गणित सोपं आहे. बॅटऱ्या 12 व्होल्टच्या, इंजिन चार-पाच तास चालल्यावर भरतात. इंजिन चालू असताना मिक्सर दोन मिनिटं चालतो, इलेक्ट्रिक किटली आणि इंडक्शन चालत नाही. बांधलेल्या बोटीचं इंजिन रात्री 8 ते सकाळी 8 बंद ठेवायचं, त्यामुळे चटणी आठच्या आत.

नदीवर फक्त दुसऱ्यांदा येणाऱ्यांना सोडतो. वूस्टरच्या टोकाचे, डिगलिसचे दोन रुंद लॉक उतरले की सेव्हर्न लागते. कालव्यात इंजिन बंद पडलं तर बोट काठाला लागते, नदीत ती वाहत जाते. म्हणून नांगर नदीत शिरण्याआधीच साखळी-दोराला जोडलेला हवा, दोराचं टोक बोटीला पक्कं, आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट. सेव्हर्नचे लॉक कर्मचारी चालवतात, सिग्नल हिरवा झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. पाण्याच्या पातळीचा फलक लाल असेल तर आम्ही किल्लीच देत नाही. पावसाने दोन दिवस गेले म्हणून पैसे परत मागितले जातात. त्याऐवजी कालव्यावरचे दिवस देतो.

रोजची तपासणी दहा मिनिटांची. इंजिन ऑइल, कूलंट, आणि मागच्या शाफ्टच्या ग्रीसरला, म्हणजे वंगण ढकलणाऱ्या नळीला, एक फेरी. पंख्यात प्लास्टिकची पिशवी नाहीतर साडीसारखं लांब कापड अडकणं ही सर्वांत नेहमीची तक्रार. बर्मिंगहॅममध्ये दिवसातून दोनदाही होते. खूण अशी: धूर वाढतो, वेग पडतो. इंजिन बंद, किल्ली खिशात, मग पिछाडीचं झाकण उघडून हात घालून कापायचं. नंतर ते झाकण घट्ट बसलं नाही तर पंखा आत पाणी फेकतो आणि बोट बुडते, म्हणून स्क्रू आवळल्यावर पुन्हा एकदा हाताने हलवून बघायचं.

हिवाळ्यात काम पोलादाचं. तळ 10 मिलिमीटर, बाजू 6, वरचं घर 4. दर दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून डांबरी काळा रंग, गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे अॅनोड, म्हणजे पोलादाऐवजी स्वतः झिजणारे ठोकळे. नोव्हेंबर ते मार्च लॉकची दुरुस्तीही चालू असते, तेव्हा तसंही कुठे जाता येत नाही.

किल्लीला बुचाचा गोळा लावलेला आहे, ती पाण्यात पडली तरी तरंगते. विंडलास बुडतो. एका हंगामात आम्ही हलके म्हणून अॅल्युमिनियमचे आणले. हाताला बरे, पण दोरीला बांधलेल्या चुंबकाला ते चिकटत नाहीत. आता पुन्हा लोखंडाचे आहेत, प्रत्येक बोटीला तीन, आणि चुंबक मागच्या दाराजवळच्या खुंटीला लटकवलेला असतो.