न खाल्लेला उंदीर

मुलुंड, संक्रांतीची आदली रात्र

आजही भाच्याच्या सापाने, बॉल पायथनने, खाल्लं नाही. दोनदा जीभ बाहेर काढून वास घेतला, मग वेटोळं घट्ट केलं आणि डोकं आत खुपसून बसला. बॉल पायथनला काही नकोसं झालं की तो असाच चेंडू होतो.

टबात उंदीर होता. मादी, आईपासून नुकतीच सुटलेली, तळहातात मावेल एवढी. आधी कोपऱ्यात दबून राहिली. मग पुढचे दोन्ही पंजे उचलून तोंड धुवायला लागली. नाकापासून कानामागपर्यंत, पुन्हा नाकापासून. पाहणाऱ्याला वाटावं, किती निवांत आहे. फार्मसी कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे हे तोंड धुणं निवांतपणाचं नाही हे मला लगेच कळलं. उंदीर भ्यायला, पळायला वाट नसली की तो असाच स्वतःला पुसत बसतो. भीतीची त्यांची हाक २२ किलोहर्ट्झच्या आसपासची असते आणि माणसाचा कान २० च्या पलीकडे काही ऐकत नाही. तो टब शांत होता तो आपल्यापुरता.

वीस मिनिटं झाली आणि मी तिला बाहेर काढलं. भाचा म्हणाला, "मावशी, राहू दे ना आत. रात्री अंधारात खाईल." मी नाही म्हटलं. ओळखीतल्या एका मुलाने असाच रात्रभर उंदीर आत ठेवला होता. सकाळी सापाची पाठ कुरतडलेली, एका जागी बरगड्या दिसत होत्या. टाके, औषधं, महिनोन्‌महिने ड्रेसिंग. ज्याला खायचंच नाही असा साप उंदीर अंगावर चढला तरी हलत नाही, आणि भुकेला तहानेला उंदीर समोर येईल ते कुरतडतो. त्यात उंदराचा काय दोष? त्याला तिथे आपण ठेवलेलं असतं, पाणी नाही, दाणा नाही, बिळात शिरायची सोय नाही.

"पण जंगलात तर जिवंतच खातो की," हे त्याचं नेहमीचं. जंगलात उंदराला पळता येतं. दहातले किती सुटत असतील कोण जाणे, पण सुटण्याची वाट असते. प्लॅस्टिकच्या टबाला फक्त चार कोपरे असतात. त्याचे मित्र मोबाइल घेऊन बघायला आले होते तेव्हाही मी त्यांना खोलीबाहेर काढलं होतं. प्राण्याला केवळ करमणुकीसाठी कोंडून दुसऱ्याचं भक्ष्य बनवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी त्यांना बाहेरच काढलं असतं.

भाचा वाईट मुलगा नाही, हे इथे लिहून ठेवते. नाग, धामण, आपला अजगर यातलं काही घरात ठेवता येत नाही, १९७२ पासून कायदाच आहे, हे त्याला पाठ आहे. हा साप आफ्रिकेतल्या जातीचा, आणि त्याची परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंद करायला त्याने स्वतः खेटे घातले. सापासाठी थर्मोस्टॅट आहे, उबदार बाजू ३१-३२ अंशांवर असते, पाणी रोज बदलतो. सापाचं सगळं चोख. उंदीर मात्र दुकानातून बुटाच्या खोक्यात येतो आणि खाल्ला गेला नाही की घरात प्रश्न उभा राहतो, आता याचं काय करायचं. मला एवढंच म्हणायचं आहे की हा प्रश्न खोकं घरात यायच्या आधीचा आहे. पैसे देऊन ती आणली तेव्हाच ती आपली झाली, सापाने तोंड लावलं की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही.

ताईचं म्हणणं वेगळं. "खाली नाल्यापाशी सोडून दे बाई. गणपतीचं वाहन ते, जगेल आपलं." ताई मनाने मऊ आहे, आणि सोडून देणं हे बहुतेकांना दयेचं वाटतं. मला ते सर्वांत निर्दय वाटतं, कारण पुढचं काही आपल्याला बघावं लागत नाही.

ही पांढरी, लाल डोळ्यांची. असल्या डोळ्यांना धड दिसत नाही, उजेड सोसत नाही. हिच्या कित्येक पिढ्या पिंजऱ्यात गेल्या. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांचा विस्टार हा वंश फिलाडेल्फियात १९०६ साली वाढवायला सुरुवात झाली, आणि दुकानातले पांढरे उंदीरही अशाच पाळीव वंशातले. जात गटारातल्या उंदराचीच, पण मांजर काय, घार काय, हिने जन्मात पाहिलेलं नाही. सकाळी सहाला नाल्याच्या भिंतीवर कावळे बसलेले असतात. पांढरं काही हललं की संपलं. त्यातून वाचली तर आसपासच्या बिळांतले उंदीर परक्या वासाच्या उंदराला फाडून काढतात. त्यातूनही वाचली तर सोसायटीने ठेवलेली औषधाची वडी आहेच. ते औषध रक्त गोठू देत नाही, उंदीर आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो आणि त्याला काही दिवस लागतात. उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं परत काढायचा मार्गही नाही. ताईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, "असं असतं होय."

आणि समजा जगलीच, तर मुंबईच्या गटारात आणखी उंदरांची भर घातली. या शहराने उंदरांपायी काय भोगलंय ते कुणाला नव्याने सांगायला नको. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला आणि गिरगाव-मांडवी रिकामी व्हायची वेळ आली. तीनच वर्षांनी, १८९९ मध्ये, हाफकिनसाहेबांची प्लेगची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली, तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट. २००५ च्या २६ जुलैनंतर लेप्टोच्या रुग्णांनी हॉस्पिटलं भरली होती, ते तर आपण सगळ्यांनी पाहिलं. उंदराच्या लघवीतून येणारा तो रोग दर पावसाळ्यात डोकं वर काढतो. पालिकेची माणसं अजूनही रात्री टॉर्च आणि काठ्या घेऊन गल्ल्यांतून उंदीर मारत फिरतात. आपण घरचा उंदीर सोडायचा आणि तो मारायला दुसऱ्याने रात्र जागायची, हे मला पटत नाही.

दुकानात परत द्यावी, तर ते घेतात. घेऊन त्याच गर्दीच्या पिंजऱ्यात टाकतात, आणि उद्या ती दुसऱ्या कुणाच्या तरी टबात जाते. शिवाय सापाच्या टबात राहून आलेला प्राणी पुन्हा कळपात मिसळणं रोगराईच्या दृष्टीने वाईटच.

मग राहतं मारणं. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहायला हवं, कारण घरोघरी याबाबतीत काहीही चालतं. कुणी जिवंत उंदीर पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवतो, "झोपेत जातो" म्हणून. झोपेत वगैरे काही नाही. अंगावर केस असलेला उंदीर थंडीशी बराच वेळ झगडतो, आणि तो वेळ तो शुद्धीवर असतो. कुणी बादलीत बुडवतो. कुणी शेपटीला धरून भिंतीवर आपटतो. कुणी डब्यात व्हिनेगर आणि सोडा घालून गॅस करतो. किती गॅस, किती वेगाने, काही ताबा नाही, आणि उंदीर गुदमरून तडफडतो. अ‍ॅनिमल हाऊसमध्ये आम्ही कार्बन डायऑक्साइड वापरायचो तो सिलिंडरचा, मीटर लावून, हळूहळू सोडलेला. गॅस बंद केल्यावरही प्राणी खरंच गेला आहे याची दुसऱ्या उपायाने खात्री करायची असा नियम होता. आणि ज्यांना दुकानदार पिंकी म्हणतात त्या जेमतेम जन्मलेल्या पिल्लांवर तर तो गॅस चालतच नाही म्हणायला हरकत नाही. त्यांना कमी प्राणवायूची सवय आईच्या पोटातलीच असते. मोठा उंदीर काही मिनिटांत जातो तिथे पिल्लू अर्धा तासही जिवंत राहू शकतं. मान मोडणं लहान उंदरासाठी सर्वांत झटपट, पण ते शिकलेल्या हाताचं काम. अर्धवट झालं तर त्यासारखी यातना नाही. मला येतं. भाच्याला मी ते शिकवणार नाही, आणि एखादा व्हिडिओ बघून त्याने शिकावं असंही मला वाटत नाही.

घरी ज्याला हे येत नाही त्याने डॉक्टरांकडे न्यावं. साप, उंदीर, कासव पाहणारे डॉक्टर मुंबईत आहेत. आधी भुलीचा वायू देतात, प्राणी गाढ झोपला की मग इंजेक्शन. पैसे उंदराच्या किमतीच्या कितीतरी पट जातात, आणि "चार पैशांच्या उंदरासाठी एवढं?" असं कुणीतरी म्हणतंच. उंदराची किंमत दुकानदाराने ठरवली, त्याच्या वेदनेची नाही ठरवली. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायची: इंजेक्शनने गेलेला उंदीर सापाला घालायचा नाही. औषध मांसात राहतं आणि सापाला भोवतं. त्याच कारणासाठी तो ओल्या कचऱ्यातही नाही टाकायचा, मांजरी नि घारी तिथेच असतात. डॉक्टरांकडेच ठेवायचा.

आजच्या या पोरीला मी ठेवून घेतलं. गॅलरीतल्या पिंजऱ्यात आधीच्या दोन म्हाताऱ्या माद्या आहेत, त्यांच्यात आणखी एक मावते. प्रत्येक वेळी हे जमणार नाही, हेही मला माहीत आहे. मादीच आहे ना हे दोनदा पाहिलं, नर असता तर वयात आल्यावर एकवीस-बावीस दिवसांत दहा-बारा पिल्लांचा संसार मांडला गेला असता. उंदराला एकटं ठेवणं ही शिक्षाच, पण लगेच म्हाताऱ्यांत सोडायचंही नाही. दोन आठवडे आतल्या खोलीत, वेगळी. शिंका येतात का, नाका-डोळ्यांभोवती लाल डाग दिसतो का ते पाहायचं. तो डाग रक्ताचा नसतो, पण उंदीर आजारी किंवा त्रासात असला की दिसतो.

खोक्यातून उचलताना शेपटी धरली नाही. शेपटीच्या टोकाला धरून ओढलं तर तिची कातडी मोज्यासारखी निघून येते, हे नव्या मुलांना मी कामावर पहिल्याच दिवशी सांगायचे. दोन्ही हात पोटाखाली घालून उचललं. पोट गरम, आणि आतलं काळीज इतकं भरभर की वेगळे ठोके कळेनात. वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून घातल्या, कुरतडायला नारळाची करवंटी ठेवली, ज्वारीचे दाणे आणि काकडीची फोड. पाण्याच्या नळीला तोंड लावून बराच वेळ प्यायली. बुटाच्या खोक्यात पाणी नव्हतंच.

आता भाच्याचं. मोठा, धडधाकट बॉल पायथन थंडीत दोन-तीन महिने खात नाही, हे त्याच्या जातीला नवं नाही. कात टाकायच्या आधी डोळे निळसर-दुधाळ होतात तेव्हाही तो खात नाही. मुलुंडला जानेवारीच्या रात्री पारा चांगला खाली येतो. तेव्हा दुकानात जायच्या आधी सापाकडे बघावं: डोळे कसे आहेत, उबेची बाजू उबदार आहे का, वजन किती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पंधरवड्याला वजन घ्यायचं आणि लिहून ठेवायचं. वजन टिकून असेल तर उंदीर आणूच नये. दहाव्या हिश्शाने उतरलं तर सापाला डॉक्टरकडे न्यायचं. दर शनिवारी "बघू आज खातो का" म्हणून एक जीव खोक्यात घालून आणायचा, हे थांबायला हवं.

आणि शेवटी आधीच मारून गोठवलेल्या उंदरावर यायलाच हवं. जो विकतो त्याला तोंडावर विचारायचं की उंदीर कसा मारतोस. नीट उत्तर देत नसेल तर त्याच्याकडून घ्यायचं नाही. आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवायचा, मग पिशवीसकट गरम पाण्यात. सापाच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खळग्या असतात, त्यामुळे उंदराचं अंग जिवंत उंदराइतकं, ३७-३८ अंशांपर्यंत गरम झालं पाहिजे, नाहीतर तो ओळखणारच नाही. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो. लांब चिमट्याने धरून जरा हलवायचा. बॉल पायथन हट्टी असतो, पहिल्या खेपेला घेईलच असं नाही, पण गोठवलेला उंदीर वाया गेला तर कुणाला पुन्हा भ्यावं लागत नाही. फक्त एकदा काढलेला पुन्हा गोठवायचा नाही.

ताईची एकच अट आहे, आणि ती रास्त आहे: मटाराच्या पिशवीशेजारी उंदीर नको. उंदरांतून साल्मोनेला येतो, तेव्हा फ्रीझर वेगळाच हवा. जुना छोटा फ्रीझर कुठे मिळतो ते बघते, निम्मे पैसे मी घालीन असं तिला सांगितलं. तो ठेवायचा कुठे यावर दोघी अर्धा तास बोललो. शू-रॅकच्या जागी बसेल बहुतेक.

भाच्याला आत्ताच मेसेज टाकला की शनिवारी दुकानात जाऊ नकोस, आधी वजन कर. उत्तर आलं, "बरं मावशी, बघतो." बघतो नको, आकडा पाठव, असं परत लिहिलं.