अभ्यास तिचा, कागद आपले

दहावीला ९५ टक्के पडले की घरात पेढे येतात आणि त्यांच्यामागोमाग क्लासवाल्यांचे फोन. मग पुढची दोन वर्षं आईवडील अभ्यासावर पहारा देत बसतात. खरं म्हणजे हुशार मुलीला अभ्यासाला बसवावं लागत नाही, ती बसतेच. तिला जमणार नाही ते वेगळंच: नियम बारकाईने वाचणं, तहसीलच्या चकरा, तारखा, पैशांची तजवीज. हे काम घरात कुणीच अंगावर घेतलेलं नसतं.

सुरुवात अकरावीच्या विषयांपासून होते, आणि तिथेच काही दारं गुपचूप बंद होतात. कॉमर्सला 'गणित नको, एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घे, मार्क पडतात' हा सल्ला सर्रास मिळतो. पण दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्ससाठी सीयूईटी या प्रवेश परीक्षेत गणित लागतं, आणि बारावीला नसलेला विषय तिथे चालत नाही. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बीस्टॅट या संख्याशास्त्राच्या पदवीचीही तीच गत. सायन्सवाले 'इंजिनिअरिंगच करायचंय ना' म्हणून जीवशास्त्र सोडतात. आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा मात्र ६० प्रश्नांची, २४० गुणांची असते आणि भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न. जीवशास्त्र सोडलं म्हणून परीक्षेला बसता येत नाही असं नाही, पण चौथा भाग जवळजवळ हातचा जातो. पुण्यातलं आयसर, किंवा 'नेस्ट' ही प्रवेश परीक्षा देऊन मिळणारं मुंबईच्या कलिना परिसरातलं मूलभूत विज्ञान केंद्र डोक्यात असेल तर अकरावीला चारही विषय ठेवावेत. ओझं वाटलं तर पुढे फेरविचार करता येतो. उलटा रस्ता फार अवघड.

बारावी कुठून करायची हा प्रश्न कोट्याचा आहे, दोन्ही अर्थांनी. राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात, १५ टक्के देशपातळीवरून. राज्याच्या कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून व्हावी लागते, शिवाय अधिवास प्रमाणपत्र; बाहेर बदली झालेल्या सरकारी नोकरांच्या मुलांसाठी काही सवलती आहेत. म्हणजे राजस्थानातल्या कोट्याला पाठवून बारावीही तिथूनच केली, तर नीटला गुण कितीही चांगले असोत, घरच्या ८५ टक्क्यांवर पाणी. क्लास कुठेही लावा, बारावीचा फॉर्म इथल्या कॉलेजातून भरलाय ना, एवढं पाहा.

कॉलेज कागदावर आणि मुलं क्लासमध्ये, असा 'इंटिग्रेटेड' प्रकार गावोगावी आहे. त्यात प्रात्यक्षिकं बुडतात. राज्य मंडळात भौतिक आणि रसायनशास्त्राचे ३०-३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. आयआयटी, एनआयटीच्या प्रवेशाला बारावीत ७५ टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ६५), किंवा मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. जेईईला उत्तम रँक आणि बोर्डात ७३ टक्के, ही गंमत नाही.

आता कागद. सगळ्यात आधी नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं, कुठे स्पेलिंगमध्ये एक ए जास्त. अर्ज दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरायचे, म्हणून आधार त्याच्याशी जुळवून घ्या, अकरावीच्या दिवाळीपर्यंत. दुसरं, अर्ज सायबर कॅफेत भरला तरी मोबाइल नंबर आणि ईमेल आपलाच. घाईत कॅफेवाला स्वतःचा नंबर टाकतो, आणि जूनमध्ये ओटीपी त्याच्या फोनवर येतो तेव्हा त्याचं दुकान बंद असतं.

राखीव प्रवर्गातल्या मुलांसाठी खरा वेळखाऊ कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजेच व्हॅलिडिटी. हा अर्ज जिल्हा जात पडताळणी समितीकडे (अनुसूचित जमातींसाठी वेगळी समिती) अकरावीतच, कॉलेजमार्फत करावा. समितीला जुना पुरावा लागतो: ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. तो बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यात, जन्म-मृत्यूच्या नोंदीत किंवा महसुली कागदात सापडतो. नोंद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. आजोबांच्या शाळेत आडनाव वेगळंच लिहिलेलं असणं ही अगदी नेहमीची अडचण. त्यावर वंशावळ आणि शपथपत्र. वडील, चुलते, आत्या यांपैकी कुणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर काम बरंच सोपं होतं, म्हणून भावकीत आधी विचारा. भांडण असलं तरी विचारा. बारावीच्या मेमध्ये हे सुरू करणाऱ्यांना प्रवेशाच्या फेऱ्या थांबत नाहीत याचा अनुभव येतो.

नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे उत्पन्न ठरावीक मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, दोन नमुन्यांत निघतं, एक राज्याचं आणि एक केंद्राचं. राज्याच्या सीईटीच्या प्रवेशाला पहिलं, जेईई-नीटच्या केंद्रीय प्रवेशाला दुसरं, आणि केंद्राचं प्रवेशाच्या वर्षातल्या १ एप्रिलनंतर काढलेलं हवं. प्रत्येक जातीचं नाव दोन्ही याद्यांत असेलच असं नाही, आधी तपासून घ्या. राज्यात एसईबीसीमधून (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) येणारा मराठा विद्यार्थी केंद्रीय संस्थांत ईडब्ल्यूएसमधून (आर्थिक दुर्बल घटक) अर्ज करू शकतो. तिथे उत्पन्न ८ लाखांच्या आत हवंच, शिवाय ५ एकर किंवा जास्त शेती असलेलं कुटुंब बाद होतं.

अभ्यासाबद्दल थोडंच. दहावीपर्यंत न अडता आलेल्या मुलीला अकरावीच्या पहिल्या सराव परीक्षेत शंभरपैकी ४० पडतात. ती घाबरते, आणि घरचे तिच्याहून जास्त. 'किती पडले?' याऐवजी 'कुठे गेले?' विचारा. चुकलेला प्रश्न तीनपैकी एका खणात टाकायचा: येतच नव्हता, येत होता पण चुकला, वेळ पुरला नाही. पहिल्याला धडा परत वाचावा लागतो, दुसऱ्याला पायऱ्या नीट मांडायची सवय, तिसऱ्याला प्रश्न सोडून पुढे जाण्याची हिंमत. हे न पाहता सरसकट आणखी एक टेस्ट सिरीज विकत घेतली जाते. सराव परीक्षेची वेळही खऱ्या परीक्षेचीच ठेवा. नीट दुपारी असते. रात्री दोनपर्यंत जागून दुपारी झोपणाऱ्या मुलाचं डोकं नेमकं तेव्हाच जड असतं. सीईटीत उणे गुण नाहीत, म्हणून तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. जेईईच्या सवयीने मुलं सोडतात! आणि अकरावी विसरायची नाही, कारण सीईटीचे साधारण २० टक्के प्रश्न तिचे असतात.

परीक्षांच्या तारखांचा एक कागद फ्रिजवर हवा. सगळं एप्रिल-मेमध्ये असतं हा समज घात करतो. कायद्याची क्लॅट डिसेंबरात, डिझाइनची यूसीड जानेवारीत, जेईई मेनचा पहिला टप्पाही जानेवारीत. त्यांचे अर्ज दिवाळीच्या आगेमागेच संपतात.

पैशांचं बोलणं मुलीसमोरच व्हावं. आयआयटीची शिकवणी फी वर्षाला २ लाख असते, पण १ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ती माफ आहे, ५ लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफ. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट एकच मोठी: प्रवेश 'कॅप'मधून, म्हणजे सरकारी फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून त्याच कॉलेजात गेलात तर माफी नाही.

पसंतीक्रम भरताना हुशार मुलांचे पालक गेल्या वर्षीचा कटऑफ समोर ठेवून 'लागेल ते' वर टाकतात. चूक आहे. यादी वरून खाली वाचली जाते, त्यामुळे आवाक्याबाहेरचं कॉलेज वर ठेवल्याने खालचं हातून जात नाही. यादी आवडीच्या क्रमाने लावा. फक्त इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये २०२५ साली पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली तर ती आपोआप पक्की होत होती, दुसरीत पहिल्या तीन, तिसरीत पहिल्या सहा. तेव्हा जिथे जायचंच नाही असं नाव वरच्या सहांत नको. ज्या खात्यातून फी जाणार त्याची रोजची ऑनलाइन मर्यादा आधीच वाढवून ठेवा. जागा स्वीकारायला मोजकेच दिवस मिळतात आणि त्यात रविवार येतो.

शेवटी रिपीटचा, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा बसण्याचा विषय. आयआयटीसाठीची जेईई ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. आयआयटीत जागा स्वीकारून प्रवेश झाला की पुढच्या वर्षी ती देता येत नाही, म्हणून नको असलेली शाखा मिळाली आणि पुन्हा बसायचंच असेल, तर जागा फेऱ्या संपायच्या आत, मुदत पाहून सोडावी लागते. ही तारीख पाहून ठेवायचं काम तिचं नाही.