आमची वाटचाल: घरगुती वायरिंग ते गेटची मोटर

रत्नागिरीत घरगुती वायरिंगपासून आमच्या फर्मची सुरुवात झाली. मग बंगल्यांचे इंटरकॉम आले. मुलं मुंबईला आणि घरात वयस्कर आईवडील, अशी घरं वाढत गेली तशी सरकत्या गेटच्या मोटरची मागणी येऊ लागली. इंटरकॉम एकाचा आणि मोटर दुसऱ्याची असली की मधल्या दोन तारांची जबाबदारी कुणीच घेत नाही, म्हणून आता आम्ही दोन्ही कामं एकत्रच घेतो.

आधी गेट हाताने ढकलून बघतो. एका हाताने ते सारखं सरकत नसेल, तर रूळ आणि चाकं फॅब्रिकेटरकडून दुरुस्त झाल्याशिवाय मोटर बसवत नाही. अडखळणाऱ्या गेटसाठी मोटरचा जोर वाढवला, की मध्ये माणूस आला तरी ती थांबत नाही. रुळाच्या दोन्ही टोकांना पक्के स्टॉपर हवेतच. रॅक (गेटला लावलेली दातेरी पट्टी) आणि पिनियन (मोटरचं दातेरी चाक) यांच्यात दीड-दोन मिलिमीटर फट ठेवतो, नाहीतर गेटचं वजन मोटरच्या शाफ्टवर येतं. रॅकच्या सांध्यावर तिसरा तुकडा उलटा धरून दात जुळवायचे आणि मगच स्क्रू आवळायचे.

230 व्होल्टची तार आणि इंटरकॉमची तार यांचे पाइप वेगळे. एकाच पाइपातून नेल्या तर आवाजात घरघर येते, आणि इन्सुलेशन गेलं तर धोका जिवाला. मोटरच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, लावतोच. तारेची जाडी अंतरावर ठरते. 0.5 चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे 0.04 ओहम. गेट 50 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 4 ओहम, म्हणजे पॅनलने (इंटरकॉमचा गेटवरचा, बटण आणि कॅमेरा असलेला भाग) अर्धा अँपिअर घेतला की 12 पैकी 2 व्होल्ट वाटेतच संपले. दिवसा स्वच्छ दिसणारं चित्र रात्री कॅमेऱ्याचे दिवे लागताच बिघडतं, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. लांब अंतराला आम्ही 1 चौरस मिलिमीटरची तार ओढतो.

बोर्ड जळतात ते बहुतेक जोडणीच्या जागी. इंटरकॉमचं लॉक आउटपुट (कुलूप उघडण्यासाठीची जोडणी) अनेकदा 12 व्होल्ट सोडतं, तर मोटरच्या बोर्डाच्या स्टार्ट टर्मिनलला नुसता ड्राय कॉन्टॅक्ट, म्हणजे स्वतःचं व्होल्टेज न सोडणारा स्विच, हवा असतो. मध्ये 12 व्होल्टचा रिले (कॉइलला वीज मिळाली की चालणारा स्विच) घालायचा: कॉइल इंटरकॉमला, स्विचची कॉमन आणि एनओ (एरवी उघडी) ही टोकं मोटरच्या बोर्डाला. कॉइलवर 1एन4007 डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग), पट्ट्याची बाजू प्लसला. लॉकचा वेळ एक सेकंद ठेवायचा. स्टार्टवर दुसऱ्यांदा बटण दाबलं की चालतं गेट थांबतं, आणि माजघरात बसलेल्या आजींना गेट दिसत नसतं. म्हणून बोर्डावर ‘ओपन’चं वेगळं टर्मिनल असेल तर आम्ही तेच वापरतो आणि गेट आपोआप बंद होण्याची वेळ लावतो. अशा ठिकाणी फोटोसेल (गेटच्या वाटेत कुणी आलं की ओळखणारा किरणांचा सेन्सर) नसेल तर काम घेत नाही. त्याचा कॉन्टॅक्ट एनसीच (एरवी जोडलेला) जोडायचा, म्हणजे तार तुटली तरी गेट कुणावर बंद होणार नाही.

कोकणातलं खरं आव्हान पाणी आणि चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड. जांभा पाणी पितो, आणि खांबावरच्या पॅनलमध्ये ते समोरून नाही, पाठीमागून शिरतं. खांबाचा तेवढा भाग सिमेंटने गिलावा करून घेतो, पॅनलच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना सिलिकॉन भरतो आणि खालची कड मोकळी सोडतो, म्हणजे आत आलेलं पाणी निघून जातं. मोटरचा पाया अंगणापेक्षा किमान 100 मिलिमीटर उंच. कातळावर अर्थिंगचा रोध सहज उतरत नाही. जिथे माती खोल आहे तिथपर्यंत पट्टी नेऊन खड्डा घ्यावा लागतो. पावसाआधीच्या विजा बघता यात काटकसर नको.

मुंग्या आणि पाली बोर्डाच्या उबेला येतात. प्रत्येक तार ग्लँडमधून (तारेभोवती घट्ट बसणारं बूच) घ्यायची आणि पाइपाचं तोंड बुजवायचं.

वीज गेल्यावर गेट उघडणारी किल्ली घरातल्या प्रत्येकाला आणि राखणदारालाही आमच्यासमोर फिरवायला लावतो. त्यानंतरच बिल देतो.