अंगणात तरवड लावला, त्याचा अनुभव

आमच्या आटपाडीकडं तरवड कुणी मुद्दाम लावत नाही, माळावर तो आपसूक असतो. मला कुंपणाकडेला फुलझाडं हवी होती, पण टँकरच्या पाण्यावर गुलाब जगवणं पटेना. म्हणून तरवडच लावायचा ठरवलं. "ताई, माळावरचं झुडूप कशाला अंगणात?" असं शेजारच्या काकूंनी विचारलंच.

हिवाळा सरताना वाळलेल्या, चपट्या शेंगा गोळा केल्या. पिवळ्या फुलांची अशी झुडपं इतरही आहेत. तरवड ओळखायचा तो पानाच्या देठाच्या बुडाशी असणाऱ्या गोलसर, रुंद उपपर्णांवरून, म्हणजे पानासारख्या छोट्या पात्यांवरून.

बियांचं कवच फार टणक. तसंच पेरलं तर कधी उगवेल याचा भरवसा नाही. पाणी उकळून उतरवलं, जरा निवल्यावर त्यात बी टाकून रात्रभर ठेवलं. सकाळी टम्म फुगलेल्या बिया पिशव्यांत लावल्या, न फुगलेल्यांना पुन्हा गरम पाणी. तरवडाचं सोटमूळ झपाट्यानं खोल जातं, पिशवीत त्याचं वेटोळं झालं की झाड पुढं जोर धरत नाही. त्यामुळं रोपं वीतभर असतानाच, मृगाचा पाऊस पडल्यावर जमिनीत लावली. खड्ड्यातून निघालेला मुरूमच परत भरला, शेणखत नावाला. पाणी साचणारी जागा तेवढी टाळायची.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला तांब्याभर पाणी दिलं, पुढं तेही बंद केलं. शेळ्या कुंपणाशी येतात, पण तोंड लावत नाहीत. पूर्वी कातडं कमावायला याचीच साल वापरत, इतकी ती तुरट.

दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी तरवड फुलला आणि नवरात्रात घटाची माळ घरच्या फुलांची झाली. फुलाजवळ थांबून बघण्यासारखं आहे. पराग परागकोशाच्या टोकाच्या बारीक भोकातूनच बाहेर पडतो. काळा भुंगा फुलाला घट्ट धरतो, अंग थरथरवतो, गुणगुण एकदम चढते आणि त्याच्या पोटावर पिवळी पूड सांडते. मला हे बघायचा कंटाळा येत नाही.

शेंगा उतरल्या की छाटणी करते, नाहीतर झुडूप खालून उघडं पडतं. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका. त्या बहुतेक पिवळसर फुलपाखरांच्या असतात, आणि खाल्लेल्या फांदीला तरवड पुन्हा फुटवा देतो.