पोलो जीटी: टीएसआय घ्यायची की टीडीआय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठलाही असो, फोक्सवॅगनची जुनी पोलो जीटी बघायला निघालेला माणूस हाच प्रश्न विचारतो. दोन्ही गाड्या मुळात १०५ पीएसच्या, म्हणजे अश्वशक्तीच्या, दोन्हींच्या पाठीवर जीटीचा तोच बिल्ला, मग पेट्रोलची टीएसआय घ्यावी की डिझेलची टीडीआय? भारतात पोलोचं उत्पादन २०२२ साली थांबलं आणि डिझेल तर त्याआधीच, २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले तेव्हा बंद झालं. म्हणजे आता जे काही घ्यायचं ते कुणीतरी वापरलेलंच घ्यायचं आहे.

बहुतेक जण तुलना ताकदीवरून सुरू करतात. मी क्लचवरून करतो. या दोन गाड्यांत मोठा खर्च काढणारी जागा तीच आहे, आणि ती किती लवकर झिजेल हे तुमचा रोजचा रस्ता ठरवतो.

आधी आकडे उरकून घेऊ. दोन्ही गाड्या बाजारात आल्या २०१३ साली. टीएसआयचं इंजिन ११९७ सीसीचं, चार सिलिंडर, टर्बो, टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, १७५ न्यूटन मीटर, सोबत सात गिअरची डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. टीडीआय सुरुवातीला १.६ लिटरची होती, २०१४ च्या फेसलिफ्टला १.५ लिटरची झाली. टॉर्क या दोन्ही डिझेल इंजिनांत २५० आणि गिअरबॉक्स पाच गिअरचा मॅन्युअल. शून्य ते शंभरला टीएसआय कंपनीच्या हिशोबाने ९.७ सेकंद घेते. टीडीआयही फार मागे राहत नाही. कागदावर एवढंच. २०२० नंतरची १.० लिटर टीएसआय ही वेगळी गाडी आहे, तिच्या ऑटोमॅटिकमध्ये असे क्लच नाहीत, तेलावर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर आहे. तिला या हिशोबात धरू नका.

आता डीएसजी. हिला डीक्यू २०० म्हणतात. आत दोन क्लच असतात: एकावर १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६ आणि रिव्हर्स. पुढचा गिअर आधीच लागलेला असतो, म्हणून बदल इतका झटपट होतो. पण हे क्लच कोरडे आहेत. उष्णता वाहून न्यायला त्यांच्याभोवती तेल नाही. क्लच जितका वेळ अर्धवट घसरत राहील तितका तो तापतो, आणि ती उष्णता लवकर बाहेर पडत नाही.

बेळगावात टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट डोळ्यांसमोर आणा. गेट पडलंय, रांग आरपीडी चौकापर्यंत गेलीय, पुढची रिक्षा दोन फूट सरकते, तुम्ही ब्रेक जरा सैल सोडता, गाडी सरकते, पुन्हा हलका ब्रेक. या हलक्या ब्रेकमध्येच पहिल्या गिअरचा क्लच जळतो. ब्रेक पूर्ण दाबला की गिअरबॉक्स क्लच सोडून देतो, अर्धा दाबला की घासत राहतो. म्हणून पुढच्याला दीड-दोन गाड्यांची जागा मिळू द्या आणि मग एकदमच पुढे व्हा. गेट उघडायला वेळ असेल तर एन (न्यूट्रल) किंवा पी (पार्क) मध्ये टाकून हँडब्रेक ओढा. दर दहा सेकंदांच्या थांब्याला एन-डी (डी म्हणजे ड्राइव्ह), एन-डी करायची गरज नाही, तिथे ब्रेक घट्ट धरला की पुरे. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरणं तर कधीच नको. टीएसआयला चढावर गाडी मागे येऊ न देणारा हिल होल्ड आहे, तो दोनेक सेकंद गाडी धरतो, तेवढ्यात पाय आरामात सरकतो. शहापूर, वडगावच्या गल्ल्यांत रॅम्पवर रिव्हर्सने गाडी घरात चढवणाऱ्यांनी हे जास्तच सांभाळावं, कारण रिव्हर्स दुसऱ्या क्लचवर असतो आणि रोज दोन वेळा इंच-इंच चढवलेली गाडी तोच क्लच खाते.

दुसरा धोका मेकॅट्रॉनिकचा. गिअर आणि क्लच हलवणारा हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह आणि इलेक्ट्रॉनिक पाटी या एकाच डब्यात असतात. त्याचं तेल वेगळं, साधारण एक लिटर. गिअरचं तेल वेगळं, साधारण १.७ लिटर. ही दोन तेलं एकमेकांत मिसळत नाहीत, आणि 'डीएसजीचं तेल बदललंय' असं विकणारा म्हणाला तर कुठलं, हे विचारा. सात गिअरच्या या डीएसजीत सिंथेटिक तेलामुळे शॉर्ट सर्किट होऊ शकतं म्हणून २०१३ साली कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून त्यांत मिनरल तेल भरून दिलं. उष्ण, दमट हवेत हा धोका जास्त. आपल्याकडून चोर्ला घाट उतरून गोव्यात राहिलेली गाडी घेणार असाल तर जुन्या सर्व्हिसचे कागद तेवढ्यासाठी वाचा.

मेकॅट्रॉनिकमधला दाब साठवणारा ॲक्युम्युलेटर तडकला की तेल गळतं आणि पंप सारखा पळत राहतो. स्कॅनरवर पी १७ बीएफ असा कोड येतो, गिअरचं चिन्ह लुकलुकतं, आणि गाडी जिथे असेल तिथे उभी राहते. पूर्ण युनिट बदलायचं तर खर्च लाखाच्या वर जातो. स्वस्तात दुरुस्ती करणारे आहेत, पण नंतरचं बेसिक सेटिंग ज्या गॅरेजला स्कॅनरवर करता येत नाही तिथे हे काम देऊ नका. क्लचचा पकडबिंदू गाडीला नव्याने शिकवावा लागतो. नाही शिकवला तर नवं युनिटही धक्के देतं.

चाचणी कशी घ्यायची ते सांगतो. गाडी रात्रभर थंड उभी असू द्या, मालकाला आधी सुरू करून ठेवू नका म्हणावं. डीमध्ये टाका आणि ब्रेक हळू सोडा, ॲक्सिलरेटर अजिबात नको. गाडी गुळगुळीत सरकली पाहिजे. मग ताशी दहा ते पंधराच्या वेगात पहिल्याचा दुसरा होताना हात सीटच्या कडेवर ठेवा. खडबडीत फरशीवरून खुर्ची ओढावी तशी थरथर हाताला लागली तर क्लच संपत आलाय. वीस मिनिटं शहरात फिरवून गरम झाल्यावर तेच पुन्हा करा, कारण काही गाड्या थंडपणी शांत असतात आणि गरम झाल्या की थरथरतात. शेवटी चढावर रिव्हर्स.

बॉनेट उघडल्यावर कूलंटकडे बघा. या इंजिनांत थर्मोस्टॅट हाउसिंग आणि वॉटर पंपाच्या जोडापाशी गळती होते. गळलेलं कूलंट सुकून तिथे गुलाबी, खरखरीत पापुद्रा जमतो. बॅटरीखाली, गिअरबॉक्सच्या बाजूने टॉर्च मारा. टाकीत पाणीच पाणी दिसलं, रंग फिका दिसला, तर कुणीतरी नळाचं पाणी ओतून वेळ मारून नेलीय. ते बेळगावला पुरवलं जाणारं राकसकोप धरणाचं गोड पाणी असलं तरी कूलंट नव्हे.

टीडीआयची दुखणी वेगळी आणि बरीचशी आधी कळणारी. क्लच साधा, तो जाताना पाय सांगतो. त्याच्यामागचं ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचे धक्के शोषणारं दुहेरी जड चाक, मात्र स्वस्त नाही. इंजिन बंद करताना खडखड-खट्ट असा आवाज आला, किंवा न्यूट्रलमध्ये क्लच दाबल्यावर आवाज बदलला, तर क्लच आणि फ्लायव्हील दोन्हींचे पैसे किमतीतून कापून घ्या. पायाखाली सतत हाफ क्लच ठेवणाऱ्याची गाडी असेल तर हे ठरलेलंच.

टायमिंग बेल्टबद्दल कुणाचं तोंडी ऐकू नका. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा. लाख किलोमीटरच्या आत बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदला. पंप त्याच बेल्टवर फिरतो, आणि पंप जाम झाला की बेल्टही जातो. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात, मग बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत इंजिनच्या हेडचं काम कितीही चांगलं होत असलं तरी गाडी महिनाभर उभी. ही डिझेल इंजिनं ईए १८९ घराण्यातली. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या उत्सर्जनाच्या सॉफ्टवेअरसाठी परत बोलावल्या होत्या, त्यात हे इंजिन होतं. आपल्या गाडीवर ते काम झालंय का, हे चासी नंबरवरून विचारून घ्या.

आणि डिझेलला छोट्या फेऱ्या सोसत नाहीत. घरापासून उद्यमबाग चार किलोमीटर, संध्याकाळी परत चार, इंजिन धड गरम होत नाही. ईजीआरमध्ये, म्हणजे धूर पुन्हा इंजिनात वळवणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, काजळी बसते, पिकअप मरतो. आठवड्यातून एकदा तरी तिला हायवेवर अर्धा तास तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये मोकळी पळवली पाहिजे.

घाटात दोघींचा स्वभाव उघडा पडतो. जांबोटी सोडून कणकुंबीकडे जाताना वळणं लागतात तिथे टीएसआय खरी खुलते. नाक हलकं, स्टिअरिंग टाकलं की गाडी लगेच वळते. लिव्हर मॅन्युअलच्या बाजूला घेऊन दुसरा-तिसरा स्वतः ठरवा. डीमध्ये ती इंधन वाचवायला वरचा गिअर लावून बसते आणि वळणातून बाहेर पडताना एक क्षण विचार करते. उतारावरही तेच करा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. टीडीआयचं नाक जड, वेगात वळण घेतलं तर बाहेर ओढते. वळणाआधी गिअर उतरवून आत शिरलात तर मात्र २५० न्यूटन मीटर तिला असं बाहेर काढतात की समोरचा ट्रक कधी मागे पडला कळत नाही. इंजिन १८०० फेऱ्यांच्या खाली पडू दिलंत तर तीच गाडी ढिम्म होते. तवंदी घाट तिला चौथ्या गिअरमध्येही जड नाही.

पावसाळ्यात चोर्ल्याच्या खड्ड्यांत दोघींचं दुखणं एक: पुढच्या लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि स्ट्रट माउंट. स्टिअरिंग पूर्ण फिरवताना वरून टक असा आवाज आला तर माउंट गेलंय. तळाशी जागा साधारण १६५ मिलिमीटर आहे, चार माणसं आणि सामान भरलं की त्याहून कमी. इंजिनाखाली संप गार्ड, म्हणजे लोखंडी पत्रा, बसवूनच घाट उतरा.

तेव्हा निवड अशी. निपाणी किंवा संकेश्वरहून रोज कोल्हापूर असेल, वर्षाला वीस हजारांहून जास्त किलोमीटर होत असतील, तर टीडीआय घ्या, दुसरा विचार नको. रोजचं शहर आणि महिन्यातून एकदा गोवा असेल तर टीएसआय, पण दोन अटींवर: स्कॅन रिपोर्ट हातात घेऊन आणि मेकॅट्रॉनिकसाठी लाख-सव्वा लाख बाजूला ठेवून. ते पैसे बाजूला निघत नसतील तर आज टीएसआय घेऊ नका. सगळं शहरच शहर असेल, घाट नाही, हायवे नाही, तर या दोन्हींत पैसे घालू नका.

राहता राहिलं कोल्हापूरची एमएच ०९ गाडी स्वस्त मिळते म्हणून आणण्याचं. बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे बेळगावच्या केए २२ चा, किंवा चिक्कोडीकडे असाल तर केए २३ चा, नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी फॉर्म २८ वर तिकडच्या आरटीओची एनओसी, इथे फॉर्म २७, गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म ३५, आणि कर्नाटकचा कर वेगळा. हा कर आधी काढून किमतीत मिळवा, मग स्वस्त आहे का ते बघा. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.