आईच्या पावलांनी मोजलेली बाग

शहरांविषयी लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांच्या स्मरणार्थ २००७ साली टोरांटोत सुरू झालेला ‘जेन्स वॉक’, म्हणजे मिळून पायी आपला परिसर पाहण्याचा उपक्रम, आता कितीतरी शहरांत मे महिन्यात होतो. वाट दाखवणारे तिथलेच रहिवासी. यंदा मी आईला घेऊन गेले.

तिचे गुडघे दुखतात. बसथांब्यावरून बागेकडे जाताना हिरवा दिवा संपला, तेव्हा ती दुभाजकापाशीच पोचली होती. बरोबरचे सगळे तिच्यासाठी थांबले. हिरवा दिवा पुरत नाही, हेच मी वस्तीतल्या बस-रस्त्यांवरच्या बैठकीत तीनदा सांगितलं होतं. त्या दिवशी काही सांगावंच लागलं नाही.

शहरातल्या झाडांचे अभ्यासक सेसिल कोनाइनेन्डाइक यांनी २०२१ मध्ये मांडलेला ३-३०-३०० नियम मला फार पटतो: घरातून तीन झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के वृक्षछाया असावी, ३०० मीटरच्या आत बाग असावी. पण हे ३०० मीटर कुणाच्या पायांनी मोजायचे? फाटक पलीकडच्या बाजूला असलं, तर नकाशावरची जवळची बाग आईसाठी लांबच.

आणि बैठका संध्याकाळी उशिरा ठेवल्या, की बसवर अवलंबून असलेली माणसंच बसच्या चर्चेत नसतात. याचा मला मनापासून राग येतो. पुढची बैठक रविवारी सकाळी बागेतच घ्या, असं पत्र आम्ही दिलंय. पहिली सही आईची आहे.